राजेश्वरच्या खोलीतली घूं

बसा रे इथंच. लाईट येईस्तोवर आपल्याला काही काम न्हाई. आणि ती वायर खाली ठेव आधी. अंधारात हातात घेऊन बसू नकोस. लाईट न्हाई, न्हाई म्हणता म्हणताच माणसं गेलेली बघितलीत मी.

एक सांगतो. ऐकीव न्हाई. माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोराला, महांतेशला घडलेलं हाय. आणि त्यातलं निम्मं मी ह्या कानानं ऐकलंय, फोनवर.

दोन हजार अकरा साल. डिसेंबरातली येळवस, शेतातल्या पूजेचा सण. सगळं गाव शेतात जेवून, भज्जी-आंबील खाऊन-पिऊन सुस्त झालेलं. मी पण घरी लवंडलो होतो. दुपार कलल्यावर महांतेश राजेश्वरहून गाडीवर इथं आमच्या कल्याणला आला आणि दारातनंच म्हणला, "मामा, दुकान उघडा. स्पीकरच्या वायरीची एक पिन पाहिजे."

"आज येळवस हाय, लेका. कुणी दुकान उघडतं का?"

"उद्या सकाळी तो हॉटेलवाला ऐकायला येणार हाय. उघडा ना."

उघडलं, हेच आपलं स्पीकर-दुरुस्तीचं दुकान. पिन दिली. सोबत एक जुना एक्स्टेन्शन बोर्ड त्यानं स्वतःच कोपऱ्यातनं उचलला आणि गेला. इतकंच काम होतं.

आता महांतेश कोण, ते सांगतो. ह्यानं हैदराबादला एका मोठ्या हॉटेलात नोकरी केलती. तिथं रात्री नाच चालायचा. आधी हा खोकी उचलायचा, मग वायरी जोडायला लागला, मग मोठा डीजे कुठं गेला की वाजवायला बी लागला. पुढं ते नाचाचं बंद झालं. जाताना तिथल्या मॅनेजरनं ह्याला जुन्या दोन मशिनी दिल्या, तबकडीच्या. टर्नटेबल म्हणतात त्याला. बसच्या टपावर गोधडीत गुंडाळून आणल्या पोरानं, लेकरासारख्या.

घरी आला तर माझा मेहुणा म्हणला, "असला धिंगाणा माझ्या घरात न्हाई चालणार." मग ह्यानं राजेश्वरात जगदेवप्पाच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. वर पत्रे, बाजूला न्हाणी, पुढं सीताफळाचं झाड. तिथनं हायवे जवळ, रातभर ट्रक जायचे. नवीनच लगीन झालतं. बायको मंगल, चिंताकी गावची. ती म्हणायची, "पोटापाण्याचं असंल तर करा. पण नीट करा."

हायवेवर एक नवीन गार्डन हॉटेल निघालं होतं. त्याच्या मालकाला एकतीस डिसेंबरला कार्यक्रम करायचा होता. तो म्हणला, "ऐकून बघतो. साफ वाजलं तर काम तुझं. न्हाईतर हुमनाबादची पार्टी बोलावतो." सासरी, घरी, गावात, सगळ्यांच्या डोळ्यासमोर पोराची परीक्षा होती बघा.

आता त्या मशिनीचं समजून घ्या, म्हणजे पुढलं कळंल. त्या तबकडीत गाणं नसतं. नुसता एक सूर भरलेला असतो, टीं... करून. तबकडी फिरली की तो सूर सुईतनं एका डब्ब्यात जातो, डब्ब्यातनं लॅपटॉपात. लॅपटॉपातलं सॉफ्टवेअर त्या सुरावरनं ओळखतं, तबकडी किती जोरात फिरायलीय, सुलटी का उलटी. गाणी सगळी लॅपटॉपात. तबकडी म्हणजे नुसतं स्टेअरिंग.

आणि ती सुई लई कानाची पक्की. मशिनीच्या अंगावर नुसतं बोट वाजवलं तरी स्पीकरमधनं धप्प आवाज येतो.

तर येळवशीच्या सांजेला हा बसला जोडायला. पहिल्यांदा लॅपटॉप डब्ब्याला ओळखंना. वायर काढली, दुसऱ्या भोकात घातली. न्हाई. सॉफ्टवेअर उडवलं, परत टाकलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. मग कुठं ओळखलं. तोवर चहा निवला होता.

मग गाणं लावलं तर उलटं वाजायला लागलं. तबकडी सुलटी फिरायलीय आणि गाणं उलटं! मंगल आतनं म्हणली, "हे कुठल्या भाषेतलं गाणं हाय वो?" ह्याला आधीच राग आलेला. बघतो तर लाल आणि पांढरी पिन एकमेकांच्या जागी. डावं-उजवं बदललं की सॉफ्टवेअरला तबकडी उलटी दिसती. पिना बदलल्या. गाणं सुलटं झालं, पण आवाज कसा? डबड्यात मुंगी बोलल्यासारखा. मशिनींचा आवाज एकत्र करायचा मिक्सर असतो, त्याच्या मागचं बटन चुकीच्या बाजूला होतं. ते सारलं.

आवाज आला, तर हायवेवरनं ट्रक गेला की सुई उडी मारायची. गाणं भलतीकडंच जायचं. मग अंगणातनं शहाबादी फरशी उचलून आणली, खाली गादीतला फोम घातला, त्यावर मशीन ठेवली. मंगल म्हणली, "ती धुणं धुवायची फरशी हाय."

"गप बस गं थोडं!"

ती गप बसली. भांडी घेऊन मागं न्हाणीत गेली.

आणि मग ती घूं आली.

घूंऽऽऽ... करून. गाणं बंद केलं तरी घूं. आवाज कमी केला तरी घूं. सगळं झालं, सगळं वाजायलंय, आणि मागं ही एक माशी अडकल्यासारखी. ह्यानं सगळ्या पिना बदलल्या. मिक्सर भिंतीपासून सरकवला. लॅपटॉपचं चार्जर काढलं. माझ्याकडनं नेलेला बोर्ड घातला, घूं आणखी वाढली. सॉफ्टवेअर बाजूला ठेवून सुईचा आवाज सरळ मिक्सरवर घेतला, कुठनं येतीय ते बघायला. सुईतनंच यायलीय. पण का? कळंना.

शेवटी मला फोन केला. मी झोपलो होतो. त्या खोलीत नेटवर्क नसायचं, म्हणून फोन खिडकीत ठेवून स्पीकर चालू करून लांबनं बोलायचा. त्यामुळं खोलीतलं सगळं मला ऐकू यायचं.

"मामा, मी हे सगळं उचलून रोडवर फेकायलोय."

"काय झालं?"

"ऐका."

ऐकलं. घूंऽऽऽ...

म्हणलं, "मशिनीच्या मागं एक बारकी तार असती, ती मिक्सरच्या स्क्रूला हाय का?"

"हाय मामा. हजारदा काढली, हजारदा लावली."

"मग घराचंच काहीतरी हाय. मेन बंद कर, भिंतीतला प्लग खोल. वरच्या मोठ्या भोकाच्या मागं तार आलीय का बघ."

थोडा वेळ गेला. बॅटरीच्या उजेडात बघितलं त्यानं.

"रिकामं हाय, मामा. मागं नुसतं कोळ्याचं जाळं."

"झालं. घराला अर्थिंग न्हाई. करंटला जमिनीत जायला वाट न्हाई, म्हणून ती घूं. लाव परत, मेन चालू कर. आता मशिनीच्या लोखंडाला हात लाव."

घूं गप झाली. एकदम.

"काढ हात."

घूंऽऽऽ...

"बघितलंस? तुझ्या अंगातनं जमिनीत जायलंय ते. पायात चप्पल हाय?"

"हाय, रबरी. पण मामा, झिणझिण लागायलीय जरा."

"मग आता हात लावू नकोस बिलकुल. बंद कर सगळं. सकाळी मी येतो, खड्डा मारू, मीठ-कोळसा घालू, तार सोडू."

"सकाळी तर तो यायलाय ना!" पोरगं ओरडलंच. "सहा वर्षं लोकांची खोकी उचलली मामा! एक दिवस माझा, तर त्यात बी ही घूं! कामून माझ्याच नशिबी?"

मला पण वाईट वाटलं. पलीकडं काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, बहुतेक स्टुलाला लाथ घातली त्यानं. मग चपलांचा आवाज लांब गेला. मी ऐकत राहिलो. घूं चालूच होती.

आणि ती थांबली.

म्हणलं, "बरं केलंस, बंद केलंस ते."

मी फोन कानाला दाबला.

"महांतेश?"

"मामा..." आवाज लांबनं आला. "मी बंद न्हाई केलं."

"मग हात काढ. सांगितलं ना, हात लावू नकोस म्हणून."

"मी दारात उभा हाय मामा. मशीन तिकडं हाय."

"मंगल असंल."

"मंगल न्हाणीत भांडी घासायलीय. ऐकू यायलंय मला."

खरं होतं. मला बी ऐकू येत होतं, बारीक. ताटावर ताट ठेवल्याचं.

मी म्हणलं, "पिन ढिली झाली असंल." म्हणलं, पण मलाच पटलं न्हाई. पिन ढिली झाली की घूं वाढती. गप होत न्हाई. घूं गप होती, ते कुणीतरी लोखंडाला हात टेकवला की.

घूंऽऽऽ... परत आली.

"मामा, आली."

"हं."

गप झाली.

"मामा..."

"बोल."

"आत कुणी न्हाई. बल्ब चालू हाय. सगळं दिसायलंय मला. कुणी न्हाई."

मी उठून बसलो. बायको म्हणली काय झालं. मी तिला हातानं गप केलं.

मग त्या स्पीकरमधनं आवाज आला. धप्प. थांबून परत, धप्प. मशिनीच्या अंगावर कुणी बोट टेकवावं तसा. तबकडी फिरत नव्हती. सुई तिच्यावर टेकलेली होती.

आणि मग... किण्ण.

काचेच्या बांगड्या.

मी आजवर हजार स्पीकर दुरुस्त केले असतील. बांगडीचा आवाज मला दुसरा कुठला वाटणार न्हाई.

"महांतेश, बाहेर हो तिथनं."

"माझा लॅपटॉप..."

"बाहेर हो म्हणायलोय!"

तेवढ्यात मंगलचा आवाज. ती न्हाणीतनं आली होती, आतल्या दारानं. ह्याला बाहेरच्या दारात उभा बघून तिला वाटलं, हा मशीन चालू सोडून बोलत बसलाय.

"आवो, बस करा की आता. बंद करायलेय मी हे."

"मंगल, थांब..."

"काय थांब? दिवसभर तेच चाललंय."

अनवाणी होती, ते मला नंतर कळलं. हात ओले.

मला दिसत नव्हतं काही. मला नुसतं ऐकू येत होतं.

घूं गप होती. पूर्ण गप. कुणीतरी दाबून धरल्यासारखी.

मंगलची पावलं. ओली. चप, चप.

महांतेश ओरडला, "हात लावू नकोस!"

किण्ण... किण्ण... किण्ण...

स्पीकरमधनं. मोठ्यानं. पार खिडकीतला फोन थरथरला असंल.

मग धाड.

मग कायच न्हाई.

...

"महांतेश?"

...

"मंगल? अरे कुणीतरी बोला."

...

मग पोराचा श्वास ऐकू आला. "मामा, फ्यूज गेला. अंधार हाय. मंगल पडलीय. बोलायलीय. जिवंत हाय."

"उचल तिला आणि हायवेवर जा. चहाच्या हॉटेलात बसा, माणसांत. मागं बघू नकोस."

गेली दोघं. ट्रकवाल्यांच्या बाकड्यावर उजाडेस्तोवर बसली. मी पहिल्या बसनं पोचलो तेव्हा मंगल हातात निवलेला चहा धरून बसली होती. म्हणली, "मामा, मी मशिनीजवळ पोचलेच न्हाई. मला कुणीतरी मागं ढकललं. इथं, छातीवर. दोन्ही हातांनी."

"महांतेशनं?"

"हे दारात होते. आणि मामा... ते हात भाजल्यासारखे गरम होते."

मी खोलीत गेलो. मेन बंद करून फ्यूज बांधला. लांबनं मेन चालू केला आणि मशिनीच्या लोखंडाला टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा भक्कन लागला. माझ्या दुकानातनं ह्यानं नेलेल्या त्या बोर्डात एक तार उंदरानं सोललेली होती. ती मधनंच टेकून सगळं लोखंड करंटमध्ये आलतं. रबरी चप्पल होती, म्हणून ह्याला झिणझिण लागली नुसती. मंगल ओल्या हातानं, उघड्या पायानं टेकली असती... तर मी आज काय सांगत बसलो असतो तुम्हाला.

तोवर शेजारची राजूबाई आली, म्हातारी. रात्री आरडाओरडा ऐकला होता तिनं. जगदेवप्पा पण आला, घरमालक. टॉवेल खांद्यावर, विभूती लावलेली. मंगलनं सगळं सांगितलं. ढकलल्याचं. बांगड्यांचं.

राजूबाई जगदेवप्पाकडं बघत राहिली. म्हणली, "सांग की आता. का मी सांगू?"

त्यानं तोंड फिरवलं, तशी तीच मंगलला सांगायला लागली.

"ह्याची सून होती गं, अंबिका. पोरगा पुण्याला कंपनीत, ही एकटीच ह्या खोलीत राहायची. उन्हाळ्याचे दिवस. लोखंडी कूलर होता इथं खिडकीत. ओल्या हातानं सरकवायला गेली. हात सुटलाच न्हाई बघ. आमी आलो तेव्हा उभीच होती, कूलर धरून. ह्यानं सगळ्यांना सांगितलं, हार्ट बंद पडलं म्हणून. का? तर खोली पुढं भाड्यानं जायची न्हाई म्हणून."

मंगलचा आवाज चढला. "आणि आमाला देताना? आमाला का न्हाई सांगितलं? अप्पा, तुमाला मी अप्पा म्हणते!"

जगदेवप्पानं टॉवेल तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मग म्हणला, "तार टाकायची राहून गेली पोरी. त्या वेळी बी राहून गेली. नंतर बी."

"राहून गेली?" मंगल म्हणली. एवढंच.

मग तो स्वतःच निघाला, इरप्पा वायरमनला बोलवायला. आजच्या आज अर्थिंग करायचं म्हणून. तोवर मी बसून काय करायचं? बोर्ड बदलला, नवीन आणला होता मी पिशवीत. सगळं नीट जोडलं, टेस्टर लावून बघितलं, करंट न्हाई. महांतेशला म्हणलं, "लाव. घूं असंलच थोडी, पण त्या मालकाला दाखवण्यापुरतं ऐकव."

त्यानं लावलं. सुई टेकवली. आवाज पूर्ण वाढवला.

घूं न्हाई.

अजिबात न्हाई. लोखंडाला कुणाचा हात न्हाई, आणि खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल इतकं साफ. आमी दोघं एकमेकाकडं बघायला लागलो. मग मी मेन बंद केला आणि भिंतीतला प्लग खोलला.

वरच्या मोठ्या भोकाला तार होती.

"रात्री रिकामं होतं मामा," महांतेश म्हणला. "मी बघितलं. माझ्या डोळ्यानं बघितलं. जाळं होतं नुसतं."

तार जाड, उघडी. स्क्रू घट्ट आवळलेला. ती भिंतीतनं बाहेर गेली होती. आमी बाहेर आलो. भिंतीला घासून खाली उतरली होती आणि सीताफळाच्या बुडाशी जमिनीत गेली होती. जमीन उकरलेली? न्हाई. गवत होतं वर. पालापाचोळा. कुणी हात लावल्याची खूण न्हाई.

हॉटेलवाला आला, ऐकून गेला. "पक्कं," म्हणला. एकतीस तारखेला महांतेशनं वाजवलं. त्याचा बाप, माझा मेहुणा पण लांब उभा राहून ऐकत होता, असं बहीण सांगत होती. नवीन वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात जगदेवप्पानं आपल्या घरातल्या सगळ्या खोल्यांना तारा टाकल्या. मी महांतेशला म्हणलं, दुसरी खोली बघ. पण मंगल हलंना. म्हणली, "मला मारायचं असतं तर ढकललं कशाला असतं?" अजून तिथंच राहतात दोघं.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. इरप्पा आला. मी म्हणलं, "बाबा, तार तर हाय. खाली अर्थिंगचा पत्रा लावलाय का नुसतीच खोचलीय, तेवढं बघ."

तो खणायला लागला. हातभर खाली गेला, तर सीताफळाची मुळी लागली. मनगटाएवढी. तार त्या मुळीच्या आतनं गेलेली. मुळी तिच्याभोवती वाढलेली, सगळ्या बाजूनं. इरप्पानं माझ्याकडं बघितलं.

"अण्णा, ही कवा टाकलीय?"

मी हातानं खुणावलं, आणखी खण.

मुळी बाजूनं सोडवून तो आणखी खाली गेला. गुडघ्याएवढं. मग कमरेएवढं. मीठ न्हाई, कोळसा न्हाई, पत्रा न्हाई. काळी माती संपली, मुरूम लागला. तार सरळ खाली. मुरूम फोडला. खाली तांबडा दगड. त्या दगडात बी ती गेलेली, छिद्र पाडल्यागत.

इरप्पानं कुदळ वर टाकली. खड्ड्यातनं बाहेर आला. हातपाय धुतले आणि गेला.

खड्डा आमीच बुजवला. तार तशीच हाय. कुठवर गेलीय... ते कुणी बघितलेलं न्हाई.